साडेसातची मालिका

देवपूर, धुळे
गुरुवार

प्रिय उषाअक्का,

सहा वर्षांनी तुम्हाला पत्र लिहिते आहे आणि सुरुवात तुमच्या भावाच्या तक्रारीने करते आहे. नणंदेजवळ नवऱ्याची तक्रार करू नये हे कळतं. पण बोलू कुणाजवळ? सारिका नाशिकला तिच्या संसारात आहे, आणि शेजारच्या लताबाईंना एक शब्द सांगितला की तो दिवेलागणीपर्यंत गल्लीभर होतो.

हे निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता दोघं मिळून निवांत टीव्ही बघू. पण माझी साडेसातची मालिका लागली की हे पेपरात डोकं घालायचे आणि मधूनच विचारायचे, अजून तेच चाललंय का. त्यांचं सुख वेगळं. दर शनिवारी परमिट रूममध्ये एक क्वार्टर, सोबत शेव आणि भाजलेला पापड. तीस वर्षं त्या शनिवारावर कुरकुर करून शेवटी मी नाद सोडला होता. गेल्या दिवाळीनंतर मात्र शनिवारचं रोजचं झालं. सव्वासातला शर्ट बदलायचे, ‘जरा बसून येतो’ म्हणायचे आणि पावणेनऊला परत. मी भांडले, अबोला धरला. हे सगळं ऐकून घ्यायचे. इतक्या वर्षांत उलट उत्तर दिल्याशिवाय ज्यांनी घास गिळला नाही, ते एकाएकी असे गरीब झाले, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

शिवाय वास नव्हता. ताट वाढताना मी मुद्दाम जवळ वाकायचे. शनिवारचा वास मला झोपेतही ओळखता येतो, आणि हा माणूस रोज पिऊन येतो म्हणतो तर तोंडाला नुसता चहाचा वास. मग मी खिसे चाचपायला लागले. एकदा केळीच्या वेफर्सचा चुरा निघाला. एकदा डोळ्यांत घालायच्या थेंबांचं रिकामं खोकं. यांचे डोळे तर ठणठणीत आहेत. विचारलं तर म्हणाले, मित्राचं आहे.

श्रावणात एक दिवस आमच्या भागातली लाईट गेली आणि नेमका महत्त्वाचा भाग बुडाला. दुसऱ्या दिवशी मी हळहळत होते, तर दाढी करता करता हे बोलून गेले, ‘काही नाही गं, धाकटी सून परत आली आणि सासूने तिला दारातच थांबवलं.’ बोलले आणि आरशात माझ्याकडे बघून दाढी अर्धी टाकून तोंड धुवायला लागले. अक्का, बारमधल्या टीव्हीवर सासू-सुनांची मालिका कोण लावतं?

त्याच आठवड्यात मी परमिट रूमला गेले. हो, मी. फॅमिली रूमच्या बाजूने आत शिरले, डाळ फ्रायचं पार्सल सांगितलं आणि झुलाल नावाच्या वेटरला विचारलं, प्रेमराज सर आले का. तो म्हणाला, ‘काकू, सर दिवाळीपासून आलेच नाहीत. शनिवारीसुद्धा नाहीत. आम्हाला वाटलं डॉक्टरांनी बंद केली.’ पार्सल घेऊन घरी आले आणि ती डाळ तशीच ओट्यावर ठेवली. या वयात माझ्या मनात काय काय आलं ते लिहायला लाज वाटते. कुणाच्या तरी घरी चहा पितात, मालिका बघतात, तिच्यासाठी औषध आणतात. बाईच असणार, एवढं मी नक्की करून टाकलं.

परवा मी रिक्षा करून यांच्या स्कूटरच्या मागे आले. पांझरेचा पूल ओलांडून यांनी एका दुकानातून वेफर्स घेतले आणि एका बिल्डिंगच्या तळमजल्यावरचं दार न वाजवता उघडून आत गेले. दोरीवर बाईमाणसाची लुगडी वाळत होती. खिडकी उघडी होती. मी भांडायच्या तयारीने पदर खोचून खिडकीशी गेले आणि तुमचा आवाज ऐकला. ‘आते काय करी ऱ्हायनी रे ती?’ आणि हे सांगत होते, ‘दारना मांगे उभी शे, अक्का. बठ्ठं ऐकी ऱ्हायनी.’ समोर टीव्हीवर सून दारामागून सगळं ऐकत होती आणि तुमचं तोंड भिंतीकडे होतं.

साखरेने तुमचे डोळे गेले, तुमचा लेक भूषण तुम्हाला चोपड्याहून धुळ्याला घेऊन आला, हे मी ऐकून होते. मला ते सोंग वाटलं होतं. भूषण आणि त्याची बायको कामावरून यायच्या आधी तुम्ही अंधारात एकट्या बसता, हे मला माहीत नव्हतं. मी करूनही घेतलं नाही.

मी खिडकीखाली तिथेच बसले. दारुडा म्हणून माझ्या शिव्या खाणं या माणसाला सोपं वाटलं, पण ‘बहिणीकडे जातो’ एवढं मला सांगणं जमलं नाही. माझा असा धाक मलाच ठाऊक नव्हता. सारिकाच्या साखरपुड्यात तिचं आधीचं मोडलेलं लग्न तुम्ही व्याह्यांसमोर बोललात, म्हणून मी तुम्हाला उंबरा बंद केला. लोकांना सांगत आले, अक्कांनी घात केला. खरं असं आहे की ते मी व्याह्यांपासून लपवलं होतं आणि तुम्हाला वाटलं, त्यांना माहीत आहे. पुढे तुमचे यजमान वारले तेव्हा मला ताप नव्हता. मी आले नाही, एवढंच.

हे पत्र मी आज दुपारी भूषणला दिलं आणि कामातून घरी चक्कर मारून तुमच्या टीव्हीवर ठेवायला सांगितलं. ते तुम्हाला वाचून दाखवणारे तुमचे भाऊच असणार, हे ठाऊक असूनच लिहिलं. त्यांच्या तोंडावर यातलं एक वाक्य मला बोलता आलं नसतं. मध्ये कुठे थांबले असतील तर त्यांना पाणी द्या. आणि तुम्हाला दिसणार नाही म्हणून सांगते, मी तुमच्या दाराबाहेर उभी आहे. मालिका सुरू व्हायच्या आधी आले आहे. नको म्हणालात तर रिक्षा थांबवून ठेवली आहे.

तुमचीच,
सुलक्षणा