नामंजूर बॅच

बोईसर,
१४ डिसेंबर

हेमालीताई यांस,

नमस्कार. कारखान्यात तुम्हाला मॅडम म्हणत होतो. पत्रात मात्र ताई लिहावंसं वाटलं. मी वयाने मोठा आहे, तरी चालवून घ्या. वापीची हवा मानवली का? इकडे सगळं ठीक. हंसाच्या माहेरच्या, वाणगावच्या मिरच्या आल्या आहेत. तिकडे येणारं कुणी भेटलं तर पाठवतो.

आमच्या अपेक्षाला लहानपणी सांध्यांचा ताप आला आणि त्यात हृदयाची झडप खराब झाली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दिवाळीनंतर मुंबईत तिचं ऑपरेशन झालं. आता बरी आहे. घरात हिंडते, आईशी भांडते.

आदल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, झडप बदलताना हृदय थांबवावं लागेल. हंसाने सरळ विचारलं, "आणि मंग चालूच नाय झाला तर?"

डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "तेवढा वेळ मशीन रक्त फिरवतं. हृदयात आम्ही एक थंडगार द्रावण सोडतो. थांबलेल्या स्नायूत आम्ल साठत जातं, त्याने तो बिघडतो. द्रावणात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते या साठणाऱ्या आम्लाला आवरतं, स्नायू सांभाळतं."

हिस्टिडीन! ताई, मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं, "साहेब, ते तर आमच्या कारखान्यातल्या ड्रायरमधून निघतं!"

डॉक्टर हसले. "यातलं तुमचंच आहे, असं मी नाही सांगू शकत. पण कुणीतरी ते नीट तपासलेलं असतं, म्हणून मी बिनधास्त वापरतो."

तुम्हाला हे सगळं माहीत असणार. मी मात्र इतकी वर्षं ते पांढरं पीठ ड्रममध्ये भरलं आणि कुठे जातं ते कधी विचारलं नाही.

ऑपरेशन लांबलं. बाहेर बाकावर बसून मला देवाच्या जोडीने तुम्हीच आठवत होतात. ओल धरलेली ती बॅच तुम्ही तपासणीत नामंजूर केलीत. मॅनेजर टेबलावर हात आपटत होते आणि तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "सही माझी आहे सर. ती मी करणार नाही." राजीनामा दिलात, पण सही दिली नाहीत. एवढ्याशा ओलाव्यासाठी कुणी नोकरी सोडतं का, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. त्या बाकावर कळलं.

डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली केला आणि म्हणाले, "रक्त परत सोडलं आणि हृदय आपणहून सुरू झालं." हंसाने सकाळपासून बंद असलेला डबा उघडला.

वर सगळं ठीक लिहिलं, ते पुरतं खरं नाही.

मागच्या आठवड्यात माल निघायचा होता. एका ड्रमची आतली पिशवी फाटलेली, पिठाच्या गुठळ्या झालेल्या. नवीन मॅनेजर म्हणाले, "रिपोर्ट पास है. तेरा काम भरना है, भर." मी झाकण लावून ड्रम बाजूला ठेवला. म्हटलं, "पहले फिर से टेस्ट करवाओ साहब. तब तक मैं नहीं भरूंगा." बराच आरडाओरडा झाला. शेवटी लॅबने नमुना घेतला. नापास. सगळा लॉट थांबला.

दुसऱ्या दिवशी गेटवर माझा पास काढून घेतला. कंत्राटी माणूस, कारण कोण देतो?

रात्री जेवायच्या वेळी घरी सांगितलं. हंसाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग काय झाला? पोरगी समोर बसून जेवते हाय ना?" मग मलाही वाढलं.

कामासाठी शब्द टाका म्हणून हे लिहीत नाही. इथे एक-दोन ठिकाणी बोलणं चालू आहे, मिळेल काहीतरी. सांगायचं एवढंच, की ते झाकण लावणं मला जड गेलं नाही. असं करणारं माणूस मी आधी डोळ्यांनी पाहिलं होतं.

अपेक्षाला तुम्हाला भेटायचंय. ती प्रवास करू लागली की घेऊन येतो.

तुम्हाला फार मानणारा,
अपेक्षाचा बाप,
भगवंत