एकशे बावन्न पावलं

पाचवीत मले काऊन जाऊ दिलं नाई, हे तुम्ही मरेपर्यंत सांगितलं नाई. "शिकून का इंजन चालवशील?" एवढं बोलून विषय मिटवला, अन् दुसऱ्या दिवशी केळझरहून बांगड्या आणल्या, त्याही अशा मोठ्या की हात वर केला की कोपरापर्यंत चढत. मास्तर घरी आले, त्याईले चहा पाजून परत धाडलं. बाबा, बसा आता, बोलायचं आहे. अक्षर चौथीचंच आहे, अन् ते कोणामुळं हे तुम्हाले ठाऊक आहे, तं नाक मुरडू नका.

माझ्या थोरल्याची पोरगी वर्ध्याले नोकरी करते. चांगला पगार, चांगलं डोकं, अन् छंद का, तं खेळण्यातल्या आगगाड्या. हसू नका, तुमच्या वाटचं मी हसून घेतलं. नागपुरात असे पंधरा-वीस शहाणे आहेत. जो तो आपल्या घरी चार फुटांची एक फळी बनवतो, तिच्यावर रूळ, ठेसन, झाडं, माणसं. वर्षातून एकदा एका हॉलमध्ये साऱ्या फळ्या टोकाले टोक लावून जोडतात, अन् याच्या गावातून निघालेली गाडी त्याच्या गावात जाते. सगळ्या फळ्यांची उंची एक अन् टोकाशी रूळ बरोबर मधात, एवढाच नियम. बाकी आपल्या फळीवर आपलं राज्य. लाकूड कापायच्या आधी सारं कम्प्युटरवर काढायचं. ती माऊसनं रूळ ओढते, जोडते, अन् वळण चुकलं की तो रूळ लाल होते. म्हटलं, असं मशीन तुमच्या सायबापाशी असतं तं त्याचे डोळे तरी लाल झाले नसते.

तर या पोरीनं फळीसाठी आपलं ठेसन निवडलं. पुलगाव-आर्वीच्या छोट्या गाडीचं ते एवढंसं ठेसन, जिथं तुम्ही काटेवाले होते. दिवसा रूळ बदलायचा काटा ओढायचा, अन् दिवस मावळताना त्या काट्यावरचा दिवा लावायचा. पोरगी जागा पाहून आली. बाभळी आहेत म्हणे, दुसरं काही नाई. नकाशा नाई, फोटू नाई. मंग आली माझ्यापाशी.

"आजी, तुमच्या रेल्वेच्या क्वार्टरपासून काटा किती लांब होता?"

"एकशे बावन्न पावलं."

"अंदाजे?"

"अंदाज तुझ्या बापाले विचार. मी एकशे बावन्न म्हटलं."

तिनं कम्प्युटरात आकडा टाकला. एक पाऊल अडीच फूट धरलं, गाडीच्या मापानं लहान केलं, अन् आपलं क्वार्टर फळीच्या बाहेर जाऊन बसलं. खाली काही नाई, हवेत. "आजी, क्वार्टर कापावं लागते. काट्याशिवाय ठेसन होत नाई." मी म्हटलं, "अन् घराशिवाय होते?" ज्या खोलीत माझी नाळ पुरली, जिथं आई रोज अंगण सारवत होती, ते घर ही पोरगी एका बोटानं पुसून राह्यली होती. ते बाभळीतही उरलं नाई, अन् आता फळीवरही नाई. मी दोन दिवस तिच्या हातचा चहा पेली नाई.

तिसऱ्या दिवशी तीच आली. "पावलं कोणाची गं? पणजोबाची?"

"माझी. मी पुढं, ते मागं."

"तेव्हा किती वर्षांची होतीस?"

"दहा."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. "मी मोठ्या माणसाचं पाऊल धरलं ना! चाल, दाखव मले कशी चालायचीस." या वयात मले ओसरीत चालवलं, अन् टेप घेऊन मागं मागं. मी म्हटलं, अशी नाई, माझ्या खांद्यावर हात ठेव, आम्ही तसे जात होतो, अन् मी मोठ्यानं मोजते. एक, दोन, तीन. ती म्हणते, "खांद्यावर हात काऊन?" म्हटलं, बापाचा हात होता, लेकीच्या खांद्यावर नाई तं कुठं ठेवेल? "मोठ्यानं काऊन मोजायचं?" म्हटलं, शाळा सुटली, आकडे विसरू नये म्हणून. "अन् दिवा लावायचं काम पणजोबाचं होतं, तं तू रोज कशाले?"

 दीड फुटाच्या पावलानं क्वार्टर फळीवर आलं, अंगणासकट आलं, पोरगी टाळ्या पिटून राह्यली, अन् मी तिकडं पाहतही नाई.

बाबा, दिवस मावळला की तुम्हाले दिसत नव्हतं.

आता एकेक आठवते. आई सांजच्याले भाकर तुमच्या ताटात नाई, हातात देते. मी म्हणते, लाड पाहा बुढ्याचे. ऐंशीव्या पावलाले रूळ येते अन् तुम्ही बरोबर ऐंशीले पाय उचलता. एकदा मी फुरंगटून साठावरून थेट ऐंशी म्हटलं. तुम्ही रिकाम्या जागेवर पाय उचलला, अन् पुढं खऱ्या रुळाले अडकून पडले, नडगी फुटली. मले एक थापड दिली. "मोजणी म्हणजे मोजणी!" मी म्हटलं, चुकली. चुकली नव्हती, बाबा. पण ते मी शाळेच्या रागात केलं होतं, तुमच्या डोळ्यांचं मले कुठं माहीत होतं! सायबाले समजलं असतं तं नोकरी गेली असती, अन् नोकरीसंग ते क्वार्टर. पाचवीची शाळा आर्वीले, अन् परतायची गाडी दिवा लागल्यावर येत होती. दिव्याच्या वेळी मी घरी पाहिजे होती. एवढंच होतं ते, अन् साठ वर्षं मी समजून राह्यली की पोरीची जात म्हणून काढलं.

आता फळी तयार होऊन राह्यली. पोरीनं माणसं आणली, बोटाच्या पेराहून लहान. मी सांगितलं, पोरगी पुढं ठेव, बाप मागं, अन् हात खांद्यावर. "आजी, एवढ्या लहानात हात कोणाले दिसते?" म्हटलं, दिसो न दिसो, ठेव. नागपूरच्या हॉलमध्ये कोणी विचारलं तं सांगजो, काटेवाला दिवा लावायले चालला. डोळ्यांचं सांगू नको. तुमची नोकरी मी अजून सांभाळून आहे, पाहा.

हे कागद पोस्टात टाकायचे नाई, तांदळाच्या डब्यात ठेवते. एक गोष्ट मान्य करते. तुम्ही मले खरं सांगून विचारलं असतं, तं मी नाईच म्हटलं असतं. दहा वर्षांची होती, शाळेत पहिली येत होती, तुमचे डोळे अन् तुमचा दिवा गेला खड्ड्यात, असंच म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाई, हे समजलं. पण मले शाळेतून काढायचं हे तुम्ही ठरवलं की आईनं? तीही तिथं तुमच्यापाशीच आहे, याचं उत्तर आईनं द्यावं. तुम्ही मधात बोलायचं नाई.