यीस्ट सोडताना ओरडायचं

ओडमुन्द,

गुनवोरला कळा सुरू झाल्यात. मी दहाच्या फेरीबोटीने बर्गेनला निघालेय. बारशाची बियर अर्धवट टाकून जाणं जिवावर आलंय, पण तुझी बहीण काही बियरसाठी थांबणार नाही. आता ती तुझ्यावर.

जवाचा काढा तांब्याच्या हंड्यात उकळतोय. अजून दोन तास उकळू दे. मग दुधाच्या कॅनमध्ये ओत, झाकणं घट्ट लाव आणि कॅन ओढ्यात उभे कर. काढा धारोष्ण दुधाइतका कोमट झाला की कॅन बाहेर काढून ओढ्याकाठच्या पिंपात ओत. थर्मामीटर नको, कोपर बुडवून बघ. गेल्या वर्षी घाई केलीस, कढत काढ्यात यीस्ट मेलं, बाबा नको ते बोलले आणि तू घर सोडून बोटीवर कामाला गेलास. या वेळी नीट होईल, मला खात्री आहे.

ज्यावर यीस्ट वाळवलंय ते लाकडी कडं फडताळात टांगलंय. ते काढ्यात सोडताना बेंबीच्या देठापासून ओरडायचं, नाहीतर बियर मिळमिळीत होते. शेजारी हसतील म्हणून तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस. आजवर हे ओरडण्याचं काम बाबांचं होतं. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना शब्द फुटत नाही, पण कान शाबूत आहेत.

त्यांचं जेवणखाण शेजारची मार्गित बघेल. परवा आल्यापासून तू त्यांच्या खोलीत गेला नाहीस, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. फक्त त्यांची खुर्ची ओढ्याकडच्या खिडकीशी सरकवली आहे, आणि खिडकी सताड उघडी ठेवली आहे.

आई