हप्त्याचा मुहूर्त

१ जानेवारी १९६०, शुक्रवार

नवी डायरी. गिरणीतल्या फोल्डिंग खात्याच्या साहेबाला दोन मिळाल्या, त्यातली एक त्याने मला दिली. आमचे गावचे मास्तर सांगत, रोज झोपण्यापूर्वी माणसाने स्वतःशी खरे बोलावे. मी खरेच लिहिणार.

शेजारच्या खोलीतले नाना अक्षय तृतीयेला मुंबई सोडून कायमचे गावी चालले. सकाळी नळावर म्हणाले, लवू, खोली तुला देतो, पागडी तेवढी तयार ठेव. गिऱ्हाइके पुष्कळ आहेत, पण तुझ्या पोराचे नवे लग्न, म्हणून तुला आधी विचारतो. देवमाणूस.

आमच्या एका खोलीत हल्ली चौघे. मी, कमला, आनंदा आणि मार्गशीर्षात आलेली सून अंबिका. बायका आत झोपतात, मी आणि आनंदा गॅलरीत. मला यात अडचण दिसत नाही. उलट बापलेकांचा सहवास घडतो. आनंदा मात्र लग्न झाल्यापासून उदास. सारखा कूस बदलतो, उसासे टाकतो. बहुधा बेळगावमुळे. मुंबईसह महाराष्ट्र मिळणार हे ठरले, पण बेळगाव-कारवार बाहेर राहणार. तरुण मनाला लागते.

तरी खोली घ्यायचीच. पागडीसाठी आमच्या पंचक्रोशीच्या पतपेढीतून कर्ज काढणार. तिथे माझी पत उत्तम. गावचे घर तीन वर्षांपूर्वी पेढीकडे गहाण ठेवून कर्ज काढले आणि घरावर मंगलोरी कौले घातली. तेव्हापासून एकही हप्ता बुडवलेला नाही. थोडे मागेपुढे होते ते सोडा.

संकल्प: यंदा प्रत्येक हप्ता पंधरा तारखेच्या आत.

११ जानेवारी, सोमवार

पगार झाला. हप्ता वेगळा काढला. आजच भरणार होतो. पण मुदत पंधराची असताना अकराला पैसे नेणे म्हणजे पेढीला घाई आहे असे सुचवण्यासारखे. बरे दिसत नाही.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. अंबिकेची पहिलीच. कमलाने काळे लुगडे आणि हलव्याचे दागिने आणायचे ठरवले आणि हप्त्याकडे बोट दाखवले. मी विचार केला. हप्ता दर महिन्याला येतो, सुनेची पहिली संक्रांत एकदाच येते. दिले.

अंबिका हलव्याच्या हारात छान दिसत होती. आनंदा तिच्याकडे बघतच राहिला. मग गॅलरीत येऊन उसासा टाकला. सणासुदीलाही बेळगाव विसरत नाही पोरगा.

१५ जानेवारी, शुक्रवार

आज मुदत. पण आज किंक्रांत. करिदिन. त्यात शुक्रवार. घरातली लक्ष्मी शुक्रवारी बाहेर काढायची नसते. म्हणजे पैसे असते तरी भरता आले नसते. मग पैसे नव्हते याचे दुःख कशाला करा? मन हलके झाले.

बुधाजी भेटला. आमच्याच पंचक्रोशीतला, गिरणीत लूमवर आहे आणि माझ्या घराच्या कर्जाला जामीन आहे. बौद्ध झाल्यापासून त्याने पंचांग, मुहूर्त सगळे सोडले. पगाराच्या संध्याकाळीच स्वतःचा हप्ता भरून मोकळा होतो. त्याला किंक्रांतीचे सांगितले, तर म्हणाला, "लवू, हप्तो भरूक मुहूर्त कित्याक? लगीन लावतंस काय हप्त्याचा?" खोलीचे सांगितले तेव्हा मात्र खूश झाला. हात वर करून भर नाक्यावर ओरडला, "खोलीसह संयुक्त कुटुंब झालेच पाहिजे!" दोघेजण मोर्चा समजून थांबले.

१० फेब्रुवारी, बुधवार

पगार. दोन हप्ते एकदम जमले नाहीत, एक जमला. या वेळी पैसे सुरक्षित ठेवायची युक्ती काढली. तांबड्या फडक्यात सुपारीसह बांधून आमच्या ग्रामदेवाच्या, रवळनाथाच्या फोटोपुढे ठेवले. देवापुढच्या पैशाला आमच्या घरात कोणी हात लावत नाही. सोमवारी पंधरा. सरळ उचलायचे आणि भरायचे.

१५ फेब्रुवारी, सोमवार

संकष्टी. दिवसभर उपास. गिरणी सुटल्यावर आधी गणपती, मग घर, मग पेढी, असा बेत. घरी आलो तर फोटोपुढे काही नाही.

कमलाला विचारले. तिने शांतपणे सांगितले की नाना शिमग्याच्या वर्गणीची मनिऑर्डर गावी करत होते, त्यांच्याकडेच दिले. मी कपाळावर हात मारला. तर ती म्हणते, "तांबडा फडका, सुपारी, रवळनाथाचो फोटो. देवाफुडे ठेवलेले पैशे देवाचेच ना? मगे देवाकडे धाडलंय."

यात खोडून काढण्यासारखे काही सापडले नाही. चंद्रोदयापर्यंत विचार केला, तरी नाही. उपास सोडला.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

पेढीचे सेक्रेटरी चिंतामणी भेटले. दिवसा शाळेत कारकून, संध्याकाळी सहा ते आठ भोईवाड्यातल्या पेढीत. फार हळू बोलतात, त्यामुळे वाईट गोष्टही चांगली वाटते.

म्हणाले, लवूभाऊ, हप्ता चार दिवस लांबला तर आम्ही दंड घेतो आणि विसरतो. पण महिना उलटला की नाव थकबाकीत जाते. तुमचे गेले. मग पैसे भरले की थकबाकी निघते, पण खात्यावर उशिराची नोंद राहते. उद्या नवे कर्ज मागाल तेव्हा कमिटी आधी तीच बघणार.

मी त्यांना माझे म्हणणे शांतपणे समजावले. मी हप्ता देतो, वर दंड देतो. म्हणजे वेळेवर भरणाऱ्यापेक्षा मी पेढीला जास्त देतो. जो जास्त देतो त्याची पत जास्त. चिंतामणींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पटले असावे.

बुधाजीलाही जामीन म्हणून पेढीचे पत्र गेले. तो संध्याकाळी चाळीत आला. चहा घेतला नाही. म्हणाला, तुझ्या किंक्रांतीने माझे नाव पण लटकले. तुझी थकबाकी निघेपर्यंत मी दुसऱ्या कुणालाही जामीन राहू शकत नाही. मी म्हटले, दुसऱ्या कुणाला राहतोस कशाला? मी आहे ना. चहा न घेताच गेला.

१५ मार्च, मंगळवार

आज निकराने. गिरणीतून उचल घेतली, मनगटी घड्याळ सावकाराकडे ठेवले. तिन्ही हप्ते आणि दंड जमला. पेढी आठला बंद होते, म्हणून वाटेत विठ्ठलाच्या देवळात जरा टेकलो. भजन रंगले होते. भरपूर वेळ आहे असे वाटले. किती वाजले ते बघायला मनगट वर केले, तर घड्याळ नाही.

पेढीवर पोचलो तेव्हा चिंतामणी कुलूप ओढून बघत होते. त्यांनी मला पाहिले, मी त्यांना पाहिले. 

घरी येताना मात्र सुचले. झाले ते बरेच झाले. इतकी मोठी रक्कम आडव्यातिडव्या दिवशी भरण्यापेक्षा पाडव्याला भरावी. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. त्या दिवशी मिटवलेली थकबाकी जन्मात परत यायची नाही.

२८ मार्च, सोमवार, गुढीपाडवा

स्नान, गुढी, कडुलिंब. धुतलेले धोतर, काळी टोपी, खिशात पैसे. पेढीवर पाटी: पाडव्यानिमित्त पेढी बंद. सर्व सभासदांना नवे वर्ष सुखाचे जावो.

पाटी दोनदा वाचली. शुभेच्छा माझ्यासाठीही होत्या, याचे समाधान.

२९ मार्च, मंगळवार

भरले! तिन्ही हप्ते, दंडासह. पावती खिशात घालून त्याच पावली नव्या कर्जाचा अर्ज पुढे केला. चिंतामणी म्हणाले, लवूभाऊ, आज? मी म्हटले, आजच. लोखंड तापलेले आहे. ते म्हणाले, कमिटी पुढच्या महिन्यात बसेल, ठेवतो पुढे. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता.

आनंदाला गॅलरीत सांगितले की खोलीचे काम झाल्यातच जमा आहे. तो उठून बसला. खरेच, आबा? त्याचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आले. किती दिवसांनी सीमाप्रश्न विसरला होता!

मग त्याने विचारले, कमिटीने तुमचे खाते बघितले का? मी म्हटले, बघू दे की. लपवण्यासारखे काय आहे? तो पुन्हा आडवा झाला.

४ एप्रिल, सोमवार

गावाहून देवस्थानचे पत्र. यंदा शिमग्याची वर्गणी सगळ्या मुंबईकरांत माझी पहिली पोचली. देवळात नाव पुकारले आणि माझ्या नावाने मानाचा नारळ ठेवला. कमला दिवसभर चाळीत सांगत होती.

हे पत्र अर्जाला जोडणार. वेळेवर पैसे देणारा माणूस म्हणून याहून मोठा दाखला कोणता?

१५ एप्रिल, शुक्रवार

आज स्वतःला जिंकले. शुक्रवार असूनही लक्ष्मीची क्षमा मागून हप्ता घेऊन निघालो. वाटेत कुठल्याही देवळात शिरलो नाही, बाहेरूनच हात जोडले. सातच्या आत पेढीवर.

बंद. गुड फ्रायडे.

माझ्या हप्त्याच्या आड आता दोन धर्म आले.

१६ एप्रिल, शनिवार

भरला. चिंतामणींनी पावती फाडली आणि म्हणाले, अवघा एक दिवस उशीर. प्रगती आहे हो, लवूभाऊ. मी म्हटले, कमिटीपुढे हे नक्की सांगा.

२२ एप्रिल, शुक्रवार

कमिटी बसली. चिंतामणी स्वतः सांगायला आले, हा त्यांचा मोठेपणा. अर्ज नामंजूर. वर्षभर सगळे हप्ते वेळेवर भरा, मग पुन्हा या. तोवर दुसऱ्या कुणाला जामीनही राहता येणार नाही.

देवस्थानचे पत्र दाखवलेत का, असे विचारले. दाखवले म्हणाले. अध्यक्षांनी पूर्ण वाचले आणि म्हणाले, देवाकडे यांची पत चांगली आहे, कर्ज तिथेच मागू दे.

मी अर्थ असा लावतो की नकार नाही, फक्त एक वर्षाची स्थगिती आहे. पण नाना वर्षभर थांबणार नाहीत. कोपऱ्यावरचा पानवाला रोख घेऊन बसला आहे, त्यांनीच सांगितले.

गॅलरीत आनंदा जागाच होता. अर्जाचे सांगायला दोनदा तोंड उघडले. शेवटी म्हटले, धीर धर बाळा, आज ना उद्या बेळगाव येईल. त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितले. मग डोक्यावरून चादर घेतली.

देवा, त्या पोराला काय देऊ?

२४ एप्रिल, रविवार

सकाळी आनंदा नानांकडे गेला, किल्लीचे बोलून आला आणि मग मला सांगितले.

गिरगावच्या छापखान्यात लागल्यापासून तो पेढीचा सभासद आहे. लग्नासाठी थोडे कर्ज काढले होते, ते ठरल्या तारखेला फेडत आला. माझा अर्ज फेटाळल्यावर कमिटीने लगेच पुढचा कागद उचलला, तो याचा. पागडीपुरते कर्ज मंजूर. जामीन अंबिकेचा भाऊ आणि बुधाजी.

मी विचारले, मला आधी का सांगितले नाहीस? तर म्हणाला, "आबा, तुम्ही मुहूर्त काढला असता."

थोडे लागले. मग दुपारी शांतपणे विचार केला. बुधाजीला जामीन राहता आले, कारण माझी थकबाकी निघाली होती. थकबाकी कोणी भरली? मी. म्हणजे आनंदाला खोली मिळाली ती कोणामुळे?

हे कमलाला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली.

२८ एप्रिल, गुरुवार, अक्षय तृतीया

नाना गेले. निरोप द्यायला सगळी चाळ खाली उतरली. माझा हात धरून म्हणाले, लवू, तुझो पोरगो हुशार. मी म्हटले, वळण घरचे. नाना हसले आणि ट्रंकेवर बसले.

१ मे १९६०, रविवार

महाराष्ट्र राज्य झाले. सगळीकडे दिव्यांच्या माळा, गुढ्या, गुलाल. चाळीत पेढे.

आनंदा आणि अंबिकेने शेजारी चूल मांडली. नारळ मी फोडला. बुधाजी आला होता. दारातच हात वर करून ओरडला, खोलीसह संयुक्त कुटुंब! या वेळी चहा दोन कप घेतला.

अंबिका पदर सावरून मला म्हणाली, मामंजी, भाजीला जाताना पेढी वाटेतच लागते. पगाराच्या दिवशी घराचा हप्ता माझ्याकडे द्याल का? मी भरून येत जाईन. आनंदा खिडकीबाहेर बघत होता. कमला माझ्याकडे बघत होती. मी जरा वेळ घेतला आणि मोठ्या मनाने परवानगी दिली. नव्या पिढीला जबाबदारी घ्यायची हौस असेल, तर अडवू नये. पहिला हप्ता मात्र मीच जाऊन भरीन म्हटले. ती म्हणाली, मामंजी, येता पगार अकराला, मग त्याच संध्याकाळी भरा. मी पंचांग बघितले नाही. बघायला घेतले होते, कमलाने काढून ठेवले.

आता गॅलरीत मी एकटाच. बापलेकांचा सहवास संपला. कमला आतून दोनदा म्हणाली, बाहेर कित्याक झोपतास, आत जागा झाली ना. पण सवय एकदम सुटत नाही.

एक गोष्ट मात्र समजत नाही. आज संध्याकाळपासून आनंदा इतका खुशीत आहे की शीळ घालत फिरतो. बेळगाव तर अजून मिळालेले नाही.