कंदीलवाल्या मुलाचं लेबल

प्रिय दादा,

तुझं पार्सल पोचलं. खोकं इतकं चोख बांधलं होतंस की आई म्हणाली, "आत काचसामान आहे की काय?" नवी कव्हरं, छापील लेबलं, सगळं सुरेख आहे. प्रत्येक कव्हरच्या कण्यावर नाव एकाच उंचीला, वरून खाली वाचत जाणारं, पट्टी एकाच करड्या रंगाची, कागद न चकाकणारा. तुमच्या जुने व्हिडिओ गेम जमवणाऱ्या संग्राहक मंडळींचे नखरे तू फोनवर समजावून सांगितलेच होतेस. दिव्याखाली चकाकी आलेली चालत नाही. कुणाला मुद्दाम पिवळट केलेला कागद आवडतो, कुणाला कोरा करकरीत. फाटकं का असेना, पण कंपनीचं लेबल हवं, नाहीतर हुबेहूब तसं छापलेलं. घरी रंगवलेलं मात्र कुणालाच नको. "कॅसेटवरची बाबांची ती चित्रं सोलून काढ आणि ही लाव, शेल्फ कसं झकास दिसेल," असं तू म्हणालास. खोकं माझ्या पलंगाखाली आहे. मी अजून एकही लेबल लावलेलं नाही आणि लावणारही नाही. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर बोलताना बाबा शेजारीच बसलेले असतात.

बाबांचं विसरणं आई तुला सांगते त्याहून बरंच पुढे गेलंय. "वय झालं, चालायचंच," हे ती तुझ्यासाठी बोलते. आता ते शर्ट हातात घेऊन नुसते उभे राहतात. मी बाही पुढे धरली की हसून म्हणतात, "उपकार झाले हं, ताई." मला ते कधी ताई म्हणत नसत. डॉक्टरांनी दिलेलं माहितीपत्रक मी परीक्षेला बसल्यासारखं वाचून काढलं, आणि सगळ्या दारांना, कपाटांना ठळक अक्षरांतल्या चिठ्ठ्या लावल्या : न्हाणीघर, कपडे, ताटं. बाबा त्या चिठ्ठ्यांपुढे अदबीनं उभे राहायचे, एखाद्या कचेरीत आल्यासारखे. आई म्हणाली, "घरातली पहिली पदवीधर तू, कबूल. पण पदवी दारावर चिकटवून त्यांना वाट कशी सापडायची?" मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. चिठ्ठ्या अजून तशाच आहेत. नीट प्रयत्न केला तर माणूस परत आणता येतो, असं मला अजूनही वाटतं. रोज सकाळी वाटतं, संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

फक्त त्या शेल्फपुढे ते चुकत नाहीत. बाबांनी गेम भाड्यानं द्यायचं दुकान बंद केलं तेव्हा उरलेले गेम शेल्फसकट घरी आणले होते, ते आता त्यांच्या खुर्चीसमोर आहे. तुला आठवतं ना, भाड्यानं नेलेल्या कॅसेटवरची लेबलं पोरं नखांनी खरवडून आणायची, आणि बाबा रविवारी नवी लेबलं रंगवायला ब्रश घेऊन बसायचे? स्वतः त्यांनी एकही गेम कधी खेळला नाही. आलेल्या पोराला विचारायचे, "यात काय असतं रे?" पोरगं म्हणालं, "काका, घुबड पाण्यात पडलं की मरतं," तर बाबांनी त्या घुबडाच्या पंखात छत्री दिली. कुणी सांगितलं की शेवटी मोठा खेकडा येतो, तर अख्ख्या लेबलावर खेकडाच. मग मोठी मुलं भांडायला आली होती, "काका, शेवटच फोडलात की!" तू लाजून काउंटरखाली बसला होतास. मी मात्र वायर न जोडलेला कंट्रोलर हातात धरून खूश होते. मीही खेळतेय, असं तू मला सांगितलं होतंस.

बाबा आता त्यातला एकेक गेम काढून मांडीवर ठेवतात. घुबड दिसलं की म्हणतात, "याला छत्री दिली म्हणून वाचलं बिचारं." खेकड्याचं कुणी सांगितलं तेही आठवतं, तो चष्मेवाला, कपाळावर खोक पडलेला. दादा, खरं सांगू? त्या चष्मेवाल्याचा मला राग येतो. तो त्यांच्या लक्षात राहिला आणि मी नाही. पण हे गेम तुझ्या करड्या पट्टीच्या कव्हरांत घातले, तर उरलंसुरलं तेही जाईल.

मधल्या फळीवर एक जागा रिकामी आहे. मी तिथे औषधांचा डबा ठेवला, तर बाबांनी उचलून खाली ठेवला. पुन्हा ठेवला, पुन्हा खाली. जागेवर बोट आपटून म्हणाले, "इथला कंदीलवाला कुणीतरी नेलाय. परत आणलाच नाही." तो तूच नेलास, घर सोडताना. दीपगृहाच्या पायऱ्या चढणाऱ्या मुलाचा तो गेम. त्याचं मूळ लेबल तूच फाडलंस, आणि बाबांनी कंदील घेतलेला मुलगा काढला तो थेट तुझ्यासारखा : सुपासारखे कान, पुढचा दात पडलेला, आईनं विणलेला लाल स्वेटर. मित्र हसले म्हणून तू दोन दिवस बाबांशी बोलला नव्हतास. तरी जाताना बॅगेत तोच टाकलास. मी पाहिलं होतं, कुणाला बोलले नाही.

मागच्या आठवड्यात तू पाठवलेला फोटो मी बाबांना दाखवला, तू तुझ्या शेल्फपुढे उभा आहेस तो. दाढी तुला शोभते. बाबांनी बराच वेळ पाहिला आणि हळूच मला विचारलं, "कोण हे साहेब? उभे का आहेत? खुर्ची द्या त्यांना." आई उठून आत गेली. रात्री मी तो फोटो मोठा करून तुझं शेल्फ शोधलं. दीपगृहाचा गेम दिसला, कण्यावर छापील नाव, अगदी इतरांसारखं. पण कव्हरच्या आत, कॅसेटवर काय आहे, ते फोटोत दिसत नाही. बाबांचं लेबल आहे की तू सोललंस?

एवढं विचारायलाच हे पत्र. ते असेल तर घेऊन ये, आणि लवकर ये. डॉक्टर म्हणतात, ही चित्रंही त्यांच्या लक्षात फार दिवस राहणार नाहीत. आल्या आल्या "मी तुमचा मुलगा" म्हणू नकोस, ते घाबरतात. "काका, भाड्यानं नेलेला गेम परत करायला आलोय," असं म्हण आणि तो त्यांच्या हातात दे. ते आधी लेबल बघतील, मग तुझ्याकडे बघतील. पुढचं मला माहीत नाही. सोललं असलंस तर आईला सांगू नकोस, मला कळव. मी तसं चित्र काढून पाहिलंय. स्वेटर जमतो, कंदील जमतो, कान जमत नाहीत. पण तरीही ये. कान तर तुझ्याबरोबर येतीलच.

तुझीच,
लिंबूटिंबू