तबकडी पांढरी होती

प्रभादेवी,
४ जानेवारी २०२५

ती. ताईस,
यशोधनचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोललो की आपलं गाडीवरून वाजतं, म्हणून लिहितोय. पत्र वाचताना तुला मध्येच फोन ठेवता येत नाही.

अण्णांची डुक्कर फियाट आता चालते. इंजिन झालं, सीटा झाल्या, बाहेरचा रंगही झाला. अडलंय ते डॅशबोर्डवरच्या मीटरांपाशी. वेगाचं, पेट्रोलचं आणि इंजिनातल्या पाण्याच्या तापमानाचं, तिन्ही तबकड्या चहा सांडल्यासारख्या तपकिरी झाल्यात. आकडे दिसत नाहीत. डिलाईल रोडला जयवंत नावाचे गृहस्थ जुन्या घड्याळांच्या आणि मीटरांच्या तबकड्या हाताने रंगवतात. त्यांनी एकच विचारलंय, मूळ रंग पांढरा होता की क्रीम? फेब्रुवारीत जुन्या गाड्यांचा मेळावा आहे आणि तिथले परीक्षक गाडी मूळची तशी आहे का, तेवढंच बघतात.

मला काही सांगता येईना. मी कायम मागे आईजवळ. मला दिसायच्या त्या तुझ्या दोन वेण्या. तेव्हा हे तुलाच ठाऊक असणार. लवकर कळव. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
यशोधन


गिरगाव,
९ जानेवारी २०२५

चि. यशोधन यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीने पाय ओढल्यासारखं. इंजिन झालं, सीटा झाल्या, रंग झाला, आणि मग ताई आठवली होय रे?

नूपुरने घरच्या ग्रुपवर टाकलेला फोटो बघितला. गॉगल लावून पुढच्या सीटवर बसली आहे, एक हात खिडकीबाहेर. शोभते हो तुझी बायको. मी तो फोटो दिवसातून चारदा उघडते आणि चारही वेळा चडफडते. म्हातारी थट्टा करतेय असं समजू नकोस. मला खरंच बघवत नाही.

ती सीट माझी होती. अण्णांचा चष्मा लांबचा. रस्ता स्वच्छ दिसायचा आणि समोरचं मीटर धूसर. ते नुसतं 'काटा' म्हणायचे आणि मी आकडा सांगायचे. खंडाळ्याच्या घाटात पाणी तापायला लागलं की मी म्हणेन तिथे गाडी बाजूला लागायची. दहा वर्षांच्या पोरीच्या शब्दावर आई, तू, डबे, वळकट्या, सगळं थांबायचं. पुढे तू अठराचा झालास आणि अण्णांनी तुला गाडी शिकवली. मी विचारलं तर म्हणाले, तू चालवायला लागलीस तर काटा कोण बघणार? त्यावर मी खूश झाले, एवढी मूर्ख!

शेवटी गाडीही तुलाच गेली, कारण तुझ्या सोसायटीत गॅरेज आहे आणि आमच्या चाळीत सायकल लावायलाही जागा नाही. कारण बरोबर आहे. माझा राग त्याने कमी होत नाही.

असो. तबकडी पांढरी होती. दुधासारखी पांढरी. जयवंतांना बेलाशक सांग, ताईने सांगितलंय म्हणावं. तिळगुळाला दोघं या, पण ती गाडी घेऊन येऊ नका.

तुझी,
ताई


प्रभादेवी,
२७ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि., आणि या वेळी नमस्कार अगदी जमिनीवर आडवा होऊन.

तुझ्या आठवणीची कमाल आहे! परवा जयवंतांनी वेगाच्या मीटरभोवतीचं लोखंडी कडं अलगद सोडवलं. कड्याखाली, जिथे कधी ऊन पोचलंच नाही, तिथे दोऱ्याएवढी पट्टी शिल्लक होती. शुभ्र पांढरी! जयवंत म्हणाले, विचारलं की लोक हमखास क्रीम सांगतात, कारण चार-पाच वर्षांच्या उन्हात पांढऱ्याचा क्रीम होतो आणि तोच डोळ्यांत बसतो. आपली गाडी तर अण्णांनी ग्रँट रोडच्या पारशी डॉक्टरांकडून बारा वर्षं वापरलेली घेतली होती. तरी तुला मूळचा पांढरा कसा ठाऊक, याचं त्यांना राहून राहून नवल वाटतंय. मी म्हटलं, आमची ताई चुकत नाही.

जुना थर खरवडून तिन्ही तबकड्या पांढऱ्या झाल्या, आकडे काळेभोर उमटले. तुझं पत्र नूपुरने वाचलं. आधी हसली, मग तिने ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मेळाव्याला ती मागे बसणार आहे. पुढे तू.

तुझा,
यशोधन


गिरगाव,
२ फेब्रुवारी २०२५

चि. यशोधन यास,
अ. उ. आ.

कौतुक पुरे कर. मी तुला खोटं सांगितलं होतं.

मला आठवते ती तबकडी क्रीम आहे, सायीसारखी. तू विचारलंस तेव्हा डोळ्यांसमोर लख्ख उभी होती. पण म्हटलं, जाऊ दे याला चुकीच्या तबकड्या घेऊन, मुरडू देत परीक्षकांना नाकं, उतरू दे नूपुरचा गॉगल. सदुसष्टाव्या वर्षी हा विचार केला मी. पत्र पेटीत टाकून घरी आले आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आणि माझं खोटं खरं निघालं. तुझं वाईट करायला गेले, ते जमलं नाही, वर शाबासकी मिळाली. ती घशाखाली उतरत नाही रे.

पण मला लागलंय ते वेगळंच. ज्या रंगावर मी अण्णांना आकडे वाचून दाखवले, तो म्हणजे डॉक्टरांकडच्या बारा वर्षांचं ऊन होतं. मला बापडीला तो गाडीचा रंग वाटला. जयवंतांनी खरवडला तो तोच, आणि माझ्या सांगण्यावरून. मी क्रीम म्हटलं असतं, तर कड्याखालची पट्टी बघूनसुद्धा तू माझंच ऐकलं असतंस. एवढं तुला ओळखते. तबकड्या चुकीच्या झाल्या असत्या, पण अण्णांच्या आणि माझ्या राहिल्या असत्या. त्या मीच घालवल्या.

आता पुन्हा काही करू नकोस. पांढऱ्याच ठेव, त्या गाडीचा तोच रंग आहे. मेळाव्याला मी येत नाही. नूपुरलाच पुढे बसव. हे मी मनापासून लिहीत नाही, तेही तिला सांग.

त्या गाडीतलं काहीतरी एकटीचं असावं म्हणून मी महिनाभर जळत होते. आता तो रंग अख्ख्या जगात एकट्या माझ्यापाशी आहे. तुला एकदा दाखवावा असं फार वाटतं यशू, पण दाखवू कशावर?

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही. तरी ठेव.

तुझी,
ताई