गाडीखालचा पुठ्ठा

१९ जानेवारी, रविवार. सकाळी ८.१०

आजपासून रोजनिशी. कारण गाडीखाली डाग सापडला. इंजिन ऑइलचा. आकार साधारण पुरीएवढा.

दाखवला घरमालक सूर्यभानरावांनी. दिवाळीत त्यांनी अंगणात लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हापासून ते स्वतः अंगणात चपला काढून येतात. म्हणाले, "साहेब, तुमची गाडी पाझरतीया." म्हटलं, जुन्या गाडीला व्हायचंच थोडंफार. तर म्हणाले, "गाडी जुनी आसंल, ब्लॉक नवे हायेत."

गाडी सासऱ्यांची. रंभाजीमामा तीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. दोन वर्षांपूर्वी कर्जतला माझ्या हातात चावी देताना म्हणाले होते, "पाव्हणं, हिला कुनाचा बी हात लावू देऊ नका." अर्थ स्पष्ट आहे. हात मीच लावायचा. प्रज्ञाचं म्हणणं, बाबांना 'आधी मला फोन करा' असं म्हणायचं होतं. बायको मराठीची शिक्षिका असली की साध्या वाक्यालाही गर्भितार्थ फुटतो.

१० फेब्रुवारीला नगरला मामींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, डोळ्याचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदू. दोघं आदल्या दिवशी इथे राहुरीला येणार आणि आपल्या गाडीतून मी त्यांना नेणार, हे मी सर्वांसमक्ष कबूल केलंय. मामा आले की आधी वाकून गाडीखाली बघतात. मग सरळ होऊन जावयाला जयभीम करतात. यंदा खाली थेंबही दिसता कामा नये.

बावीस दिवस आहेत. काम चार दिवसांचं. उरलेल्या अठरा दिवसांत पोट कमी करीन.

२० जानेवारी, सोमवार

गाडीखाली पुठ्ठा टाकला. फ्रिजच्या खोक्याचा. वैज्ञानिक पद्धत म्हणजे थेंब कुठे पडतो ते बघायचं, मग वर बघायचं. सकाळी सात थेंब. त्यांना नंबर दिले. क्रमांक चारचा संशयास्पद वाटतो.

सूर्यभानरावांना पुठ्ठा दाखवला. आता ब्लॉक सुरक्षित. ते म्हणाले, "आन् गाडी?"

२२ जानेवारी, बुधवार

ऑफिसात कामं कमी होती. (होती ती उद्यावर टाकली.) मोबाईलवर अकरा व्हिडिओ पाहिले. मुख्य शोध: ऑइल वरून खाली येतं. म्हणजे डाग खाली असला तरी गुन्हेगार वर असतो. हे आमच्या विद्यापीठाच्या आस्थापना विभागालाही लागू आहे, पण तो विषय वेगळा.

निदान झालं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग. म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाखालची रबरी पट्टी. ती कडक झाली असणार. न उघडताच कळलं. काही लोकांच्या हातात उपजतच असतं.

२६ जानेवारी, रविवार. सकाळी ११

झेंडावंदन करून थेट बॉनेट उघडलं. आधी इंजिन धुतलं, भांड्याच्या साबणाने. मग जुनं पॅकिंग खरवडायला हत्यार मिळेना. स्वयंपाकघरातलं उलथनं उत्तम चाललं. प्रज्ञाला नवीन उलथनं आणायचं आहे, बऱ्याच दिवसांपासून. असं मी तिला सांगितलं.

नवीन पॅकिंग बसवलं. शिवाय फट बुजवायला भरपूर सिलिकॉन. व्हिडिओवाला म्हणतो पातळ थर द्या. त्याची गाडी त्याच्या सासऱ्याची नसावी.

बोल्ट आवळताना एक तुटला. म्हणजे मुळात कमजोर होता, वेळीच लक्षात आला. बाकीचे सगळे आहेत.

दुपारी १

जिलेबी खाल्ली. चार. श्रम झालेत.

२८ जानेवारी, मंगळवार

मोठं यश. थेंब क्रमांक चार बंद!

नवीन थेंब आठ, नऊ आणि दहा सुरू. पण हे इंजिनच्या दुसऱ्या बाजूला आहेत. म्हणजे गळती माझ्यापासून पळतेय.

प्रज्ञा म्हणाली, बाबांना एक फोन कर, पाच मिनिटांत सांगतील. मी शांतपणे सांगितलं की मामा आता निवृत्त आहेत, त्यांना त्रास द्यायचा नाही. ती म्हणाली, बाबा गेली सहा वर्षं कोणी त्रास देईल म्हणून वाट बघतायत.

३० जानेवारी, गुरुवार

नवीन तंत्र: टाल्कम पावडर. स्वच्छ इंजिनवर पावडर मारायची, इंजिन चालू करायचं, जिथे पावडर ओली होईल तिथे गळती. विमानांचीसुद्धा गळती अशीच शोधतात म्हणे.

प्रज्ञाचा गुलाबाचा डबा अख्खा वापरला. इंजिन चालू केलं. पंखा लागला. मला पंख्याचं लक्षात नव्हतं.

सूर्यभानराव नेमके तुळशीला पाणी घालत होते. भुवया पांढऱ्या झाल्या. म्हणाले, "आता काय गाडीचं बाळंतपन हाय का?"

गळती दिसली नाही, पण गाडीला सुंदर वास येतो. ऑफिसात दोघांनी विचारलं.

१ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ३

अंतिम निदान. हे पक्कं. सगळा खेळ ड्रेन नटचा. इंजिनच्या तळाला जो नट उघडून जुनं ऑइल काढतात, त्याचा वॉशर झिजला असणार.

पुढची चाकं फळ्यांवर चढवली, पुठ्ठ्यावर आडवा झालो, नट फिरवला. ऑइल येणार हे माहीत होतं. एवढं झटकन येईल याची व्हिडिओत कल्पना दिली नव्हती. थोडं घमेल्यात पडलं. बरंचसं माझ्यावर. केसांना चमक आलीय, हे प्रज्ञानेसुद्धा मान्य केलं, हसणं थांबल्यावर.

तांब्याचा वॉशर आणायला दुकानात गेलो तर दुपारचं दुकान बंद. मग सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कात्रीने गोल कापून वॉशर बनवला. स्वतःच्या हाताने! मामांना हे सांगायचं. तांबं कडक असतं, रबर प्रेमाने बसतं.

नवीन ऑइल भरलं. नट दोन्ही हातांनी आवळला.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सूर्यभानरावांच्या हाकेने जाग आली. पुठ्ठा भिजून ऑइल ब्लॉकवर आलं होतं. आता डाग पुरीएवढा नाही. भाकरीएवढाही नाही. गाडीएवढा.

सूर्यभानराव घराच्या मागे गेले. दगडाची कच आणून ऑइलवर पसरत राहिले. हे बोलण्यापेक्षा वाईट.

मी म्हणालो की नवीन वॉशर बसायला दोन दिवस घेतो. हे मला बोलता बोलता सुचलं, पण खरं असणार.

निर्धार: आता ऑपरेशनपर्यंत गाडी हलवायची नाही. तिला विश्रांती. ऑफिसला बसने जाणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

नवा पुठ्ठा. फक्त तीन थेंब!

६ फेब्रुवारी, गुरुवार

एक थेंब!!

७ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ६.४०

कोरडा! पुठ्ठा कोरडा ठणठणीत! हात फिरवून पाहिला. गाल टेकवून पाहिला. सूर्यभानरावांना उठवून दाखवला. ते गंजीफ्रॉकवरच आले, बघितलं, म्हणाले, "बरं झालं बाबा," आणि परत झोपायला गेले.

डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून तपासली. तिच्यावर ऑइलचा टिपूससुद्धा नाही. किती स्वच्छ इंजिन! पूर्वी ही पट्टी काळीकुट्ट निघायची.

ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. कारण विचारलं तर म्हटलं, तांत्रिक यश.

मामांना फोन केला. म्हटलं, गळती बंद केली, मीच. त्यांनी मला तेच परत सांगायला लावलं. मग म्हणाले, "पार बंद?" म्हटलं, पार. भावना अनावर झाल्या असणार.

९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६

मामा-मामी आले. मामा नेहमीप्रमाणे आधी गाडीखाली वाकले. वाकले ते वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, "एक थेंब न्हाई?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "तेल बगितलंय का?" म्हटलं, परवाच बघितलं. हे शंभर टक्के खरं आहे.

त्यांनी बॉनेटकडे हात नेला, पण मामींना प्रवासाने चक्कर आल्यासारखं झालं म्हणून त्यांना घेऊन आत गेले. मामींना उजव्या डोळ्याने आता माणसाचा नुसता आकार दिसतो. डावा आधीच अधू. माझ्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या चढल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, तुमी हायेत म्हनून घोर न्हाई."

उद्या अकराला त्यांचा नंबर. साडेआठला निघायचं.

१० फेब्रुवारी, सोमवार. विद्यापीठाच्या गेटसमोर, रस्त्याच्या कडेला. सकाळी ९.२०

गाडीत बसून लिहितोय. एकटा. दुसरं काही करता येण्यासारखं नाही.

क्रमाने लिहितो. साडेआठला निघालो. प्रज्ञाने रजा काढली होती, ती पुढे. मामा-मामी मागे. थोडं पुढे आल्यावर समोर लाल दिवा लागला. छोटा, किटलीच्या आकाराचा. मी प्रज्ञाला म्हटलं, बघ, आपल्याला लाल दिव्याची गाडी मिळाली. ती हसली. मग इंजिनमधून खडखड यायला लागली. मी रेडिओ मोठा केला.

मागून मामा ओरडले, "बंद कर! आदी बंद कर!"

आजवर ते मला अहो-जाहो करत आलेत. पहिल्यांदाच 'कर' म्हणाले.

गाडी कडेला घेतली. मामांनी बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढली, पुसली, परत घातली, परत काढली. माझ्यासमोर धरली. म्हणाले, "पाव्हणं, गळायला आत काय तरी लागतं का न्हाई?"

तेव्हा मला कळलं.

मला वाटलं होतं आता बोलतील. त्यांनी नुसतं घड्याळ बघितलं. मी टॅक्सी बघतो म्हणालो, फोन काढला, हात ऑइलचे नव्हते तरी निसटत होता. तेवढ्यात नगरला जाणारी एस.टी. दिसली. मामा रस्त्यात दोन पावलं पुढे गेले आणि एक हात वर केला. गाडी त्यांच्या पायापाशी येऊन थांबली. ड्रायव्हरने त्यांना ओळखलं की हात ओळखला, माहीत नाही. मामींना चढवायला मी पुढे झालो तर त्यांनी चाचपडत माझाच दंड धरला. प्रज्ञा चढताना म्हणाली, तू गाडीचं बघ. रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

ऑफिसची बस आत्ताच गेली. सगळ्यांनी हात केला. एकाने खिडकीतून विचारलं, तांत्रिक यश का?

दुपारी ४, घरी

ट्रॅक्टरमागे दोरी बांधून गाडी आणली. पुढे उसाची ट्रॉली, मागे मी. प्रज्ञाचा फोन आला. पावणेअकराला पोहोचले. ऑपरेशन झालं. चांगलं झालं.

सूर्यभानरावांनी फाटक उघडून धरलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काही लिहायचं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मामींची पट्टी काल निघाली. आता काळा गॉगल. सगळं लख्ख दिसतं म्हणतात. मला नीट बघून म्हणाल्या, "जावईबापू, लई बारीक समजत हुते मी तुमाला."

मामांची माफी मागितली. शब्द आधी पाठ केले होते, त्यातला एकही आठवला नाही. ते म्हणाले, "इंजिन वाचलंय. मानूस बी वाचलंय. रविवारी उघडू."

उघडू म्हणाले. उघडतो नाही. नोंद घ्यावी.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२.३०

अंगणात कार्यक्रम. मामा गाडीखाली, मी पाना देणारा, मामी गॉगल लावून खुर्चीत. नट घरंगळला की त्या लगेच बोट दाखवत होत्या. सूर्यभानराव पेपर वाचायला म्हणून बाहेर बसले. पेपर उलटा होता.

मामांनी माझा रबरी वॉशर बाहेर काढला. ऑइलने फुगून त्याचं काहीतरी भलतंच झालं होतं. त्यांनी तो उन्हात धरून पाहिला आणि मामींना दाखवला. दोघं एवढे हसले की मामा परत गाडीखालीच आडवे झाले. शेवटी मीही हसलो. काय करणार.

तांब्याचा वॉशर. तुटलेला बोल्ट काढून नवा. सिलिकॉन खरवडून टाकलं. उलथन्याने! (मामांनी स्वतःहून मागितलं. प्रज्ञाकडे मी बघितलंसुद्धा नाही.) नवं ऑइल, पट्टीवरच्या खुणेपर्यंत, एक थेंब जास्त नाही. गाडी चालू केली. आवाज मांजरीसारखा.

तासाभराने खाली वाकून बघितलं. पुठ्ठ्यावर डाग. पुरीएवढा.

माझा चेहरा बघून मामांनी विडी बाजूला ठेवली. म्हणाले, "त्यो राहनारच. मी सवता धा येळा उघडलीया ही गाडी. साहेबाला दाखवली, फोरमनला दाखवली. कुटनं येतंय, कुनाला न्हाई गावलं."

मी विचारलं, मग दर वेळी आल्या आल्या वाकून काय बघता?

म्हणाले, "डाग हाय का ते. डाग हाय म्हंजी तेल हाय. त्या दिवशी पुठ्ठा कोरडा बगितला आन् माजा हात बॉनेटकं गेला बी हुता. पन तुमी येवडं खुशीत हुता."

म्हणजे मी तीन आठवडे एकमेव निरोगी लक्षणावर उपचार करत होतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मामा-मामी कर्जतला गेले. निघताना मामांनी कर्जतची पद्धत सांगितली. डागाच्या जागी पत्र्याचा डबा ठेवायचा, महिन्याने रिकामा करायचा, दर रविवारी डिपस्टिक बघायची. बस्स. आमच्या घरातला बिस्किटांचा जुना डबा त्यांनी स्वतः नेमक्या जागी ठेवला. सूर्यभानरावांना बोलावून दाखवला. सूर्यभानराव म्हणाले, "हे आदी का न्हाई केलं?" यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७

डब्याखाली डाग.

डबा उचलला, पाणी भरलं, बघत बसलो. तळाला, डाव्या कोपऱ्यात, टाचणीएवढं भोक. डबा गळतो.

याचं निदान मात्र मी पहिल्या फटक्यात केलं.